थोरल्या भाऊजींच्या खुर्चीत बसलेला भोपळा

तीर्थरूप जाऊबाई,

धाकटीचा वाकून नमस्कार. (हल्ली मी बहुतेक वेळ वाकलेलीच असते. खुरपं हातात धरून सकाळ गेली की कंबर सरळ व्हायला तयार होत नाही. तेव्हा नमस्कारासाठी वेगळे कष्ट घेतलेले नाहीत, तुम्ही संकोच करू नका.) गुडघा कसा आहे? डॉक्टर सांगतात तेवढंच चालता ना? तुमचे चिरंजीव फोनवर म्हणाले की हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांची माती तुम्ही काठीने उकरून पाहिलीत आणि तिथल्या माळ्याला दमात घेतलंत. ऐकून आम्हा दोघांना फार बरं वाटलं. म्हणजे ऑपरेशन गुडघ्याचंच झालं, बाकी कशाला हात लागलेला नाही.

इकडे सर्व ठीक आहे. घर जागेवर आहे, पाण्याची टाकी जागेवर आहे, तुमचे धाकटे दीर सकाळी जिथे ठेवले तिथेच संध्याकाळी सापडतात. मागच्या खोलीचं काय ते पुढे ओघात येईलच, घाबरण्यासारखं काही नाही. आधी बागेचं सांगते.

तुम्ही गाडीत बसताना काच खाली करून मला जे बजावलंत ते मी विसरलेले नाही. पाणी संध्याकाळी घालायचं, टोमॅटोला काठ्या द्यायच्या, आणि मागच्या खोलीला हात लावायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी मी जिवापाड पाळल्या. फक्त टोमॅटो कुठला, हे गाडी वळणापलीकडे गेल्यावर लक्षात आलं की मी विचारलंच नाही. मी जन्मभर ऑफिसात टाइप केलं, जाऊबाई. मला टोमॅटो ओळखू येतो तो टोपलीत आल्यावर. त्यामुळे सुरुवातीला जे सगळ्यांत गोंडस आणि भरभर वाढणारं रोप दिसलं त्याला मी काठ्या दिल्या, सुतळीने बांधलं, रोज संध्याकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलले. मग एकदा दूधवाली फाटकातून आत आली, थबकली आणि म्हणाली, "बाई, गवताला काठी कशाला?" मी तिला म्हटलं, असू दे, वाऱ्याने पडतं बिचारं. (ते गवत अजून आहे. इतकं केल्यावर उपटायला जीव होत नाही. तुम्ही आल्यावर तुमच्या हाताने उपटा, मी तेवढ्यात आत जाईन.)

पण जाऊबाई, खरे टोमॅटो माझी वाट बघत थांबले नव्हते. ते आपले आपण वाढले. उन्हाळा सरत आला आणि एका आठवड्यात सगळी बाग एकदम पिकली. मला वाटायचं भाज्या आपापल्या पाळीने येत असतील, ऑफिसात माणसं सहीला येतात तशा. इथे सगळे एकदम दारात. टोमॅटो लाल झाले, वांगी काळीभोर झाली, घेवड्याच्या शेंगा सकाळी तोडाव्यात तर संध्याकाळी पुन्हा लोंबत असतात. काकडी पानाखाली लपते, दोन दिवस नजर चुकली की पोलिसाच्या दंडुक्याएवढी होऊन बाहेर पडते. घरातल्या सगळ्या बादल्या भरल्या. मग आंघोळीची बादलीही भरली, आणि तुमचे दीर दोन दिवस तांब्याने नळाखाली आंघोळ करत होते, कारण बादलीत मिरच्या होत्या. गल्लीत वाटायला निघाले तर पहिल्या दिवशी लोकांनी आशीर्वाद दिले, दुसऱ्या दिवशी आभार मानले, आणि आता टोपली घेतलेली मी दिसले की खिडक्या लागतात. पलीकडच्या शिक्षकांनी तर परवा दार न उघडताच आतून "आम्ही घरी नाही" असं सांगितलं.

तुमच्या दिरांचं तर विचारूच नका. हा माणूस आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत खाली मान घालून बसला. डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीपेक्षा बारीक चाकं बघितली. जगात काहीही हललं तर त्याच्या मागे कुठेतरी स्प्रिंग असणार, अशी त्याची श्रद्धा. (पत्रात मी त्यांना एकेरीत आणलं, माफ करा. पण बागेत त्यांच्याकडे बघून मला कधी कधी आदरार्थी बोलताच येत नाही.) शहरातल्या दुकानाला कुलूप लावून इथे आल्यावर पहिले काही दिवस ते ओट्यावर बसून राहिले. मग एका सकाळी दुकानातलं ते भिंग डोळ्याला लावून भोपळ्याच्या फुलात तोंड घालून बसलेले दिसले. नाक पिवळं झालेलं. मी हाक मारली तर वर न बघता हळूच म्हणाले, "अगं, हे बघ. याला किल्ली कोण देतं?"

मला हसू आलं, पण मीही वाकून बघितलं. जाऊबाई, तुम्ही इतकी वर्षं ही बाग केलीत आणि आम्हाला कधी सांगितलं नाहीत. की सांगत होतात आणि आम्ही नुसतं डब्यातून भाजी घेऊन जात होतो? भिंगातून ते फूल म्हणजे दिवा लावलेली खोली होती. भिंती पिवळ्या, मधोमध खांब, आणि त्यावर एक मुंगी पराग अंगावर घेऊन अशी चालली होती, जशी काही घरची मालकीण. आम्ही दोघं म्हातारी माणसं किती वेळ तशीच ओणवी होतो कोण जाणे. दूधवालीने दूध ओट्यावर ठेवलं आणि आवाज न करता गेली.

आता भोपळ्याच्या वेलाकडे येते. तुम्ही कुंपणाला लावलेले वेल शहाण्यासारखे कुंपणाला राहिले. एक मात्र घराच्या कोपऱ्यावरून मागे गेला आणि परत आलाच नाही. आम्ही म्हटलं जाईल जाईल आणि थांबेल. रोज बघावं तर भिंतीलगत हातभर पुढे. शेवटी मी त्याच्या मागावर गेले. भिंतीकडेने, पाण्याच्या टाकीमागून, मोडक्या सायकलीच्या चाकातून (त्या चाकाचा आता गुच्छ झाला आहे) तो थेट मागच्या खोलीच्या खिडकीपर्यंत पोचला होता, आणि फुटक्या काचेतून आत शिरला होता. (ती काच वाऱ्याने फुटली. वारा तुमच्या दिरांच्या खांद्यावरच्या शिडीवरून आला होता.)

मी वेल ओढून पाहिला. हलला नाही. आणखी ओढला. आतून काहीतरी माझ्यापेक्षा जड असं त्याला धरून बसलेलं होतं. काचेला नाक लावलं तर आत नुसती पानं, दुसरं काही दिसेना. मी पळत ओट्यावर आले.

त्यानंतर आमच्या दोघांत जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, पण चहा गार झाला. मी म्हटलं, जाऊबाईंनी बजावलंय, थोरले भाऊजी गेल्यापासून त्या स्वतःसुद्धा ती खोली उघडत नाहीत, किल्ली पर्समध्ये घालून हॉस्पिटलात घेऊन गेल्या आहेत, आपण कोण उघडणारे? हे म्हणाले, बरोबर आहे, उघडायची नाहीच. आणि उठून मागे गेले. मी मागोमाग. म्हणाले, कुलूप नुसतं बघतो, जुन्या बनावटीचं दिसतंय. खिशातून घड्याळाचा चिमटा काढला, भिंग लावलं, कुलूप तळहातावर घेतलं, आणि जाऊबाई, शपथेवर सांगते, ते त्यांच्या हातात आपलं आपण उघडलं. इतक्या वर्षांचा सराव असलेल्या हाताला कुलपाने तरी किती विरोध करावा? ते स्वतःच दचकले. आता उघडलंच आहे तर, असं काहीतरी मी पुटपुटले आणि दार ढकललं.

इथपर्यंत गंमत चालली होती, आता जरा वेगळं लिहिते.

खोली हिरवी झाली होती. खिडकी पानांनी भरल्यामुळे ऊन त्यांच्यातून गाळून येत होतं, आणि तो हिरवा उजेड भिंतींवर, छतावर, आमच्या हातांवरसुद्धा हलत होता. तलावाच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटलं. वेल खिडकीतून आत उतरून जमिनीवर पसरला होता. एका तंतूने रेडिओच्या बटणाला वेढा घातला होता. दुसरा भिंतीवर चढून खुंटीला लटकलेल्या भाऊजींच्या ड्रायव्हरच्या खाकी कोटापर्यंत गेला होता आणि त्याने वरच्या काजातून आत जाऊन खालच्या काजातून बाहेर येऊन कोटाचं बटण लावून टाकलं होतं. कुठेही धूळ दिसेना, सगळीकडे पानंच. आणि खिडकीशी, भाऊजींच्या त्या रुंद लाकडी खुर्चीत, दोन्ही हातांच्या मध्ये गच्च, भोपळा बसला होता.

ठेवलेला नव्हता, जाऊबाई, बसला होता. तुम्हाला आठवतंच की भाऊजी जेवल्यावर त्या खुर्चीत कसे बसायचे. पोट पुढे, पाठ मागे, खिडकीतून बाहेर नजर, जशी काही समोर बस उभी आहे आणि सुटायला अजून वेळ आहे. तसाच. केशरी, घड्या पडलेला, मोठ्ठा, आणि वर देठ किंचित एका बाजूला, भाऊजी टोपी कलती घालायचे तसा. मला हसू फुटायच्या बेतात होतं. शेजारी पाहिलं तर तुमच्या दिरांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

"दादा," ते म्हणाले.

एवढंच. मग भिंतीशी ट्रंक होती तिच्यावर बसले. मी हळूच बाहेर आले आणि उगाच घेवडा तोडत राहिले. नको तेवढा तोडला.

भाऊजी गेले तेव्हा हे रडले नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला राग आला असेल त्याचा, कधी बोलला नाहीत. सगळे रडत होते आणि हे भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ उतरवून उघडून बसले होते. नंतर घरी आल्यावरही दादाचं नाव कोणी काढलं की उठून दुकानात जायचे. मी दार ठोठावलं की म्हणायचे, काम आहे. काम नसायचं, जाऊबाई. हल्ली घड्याळं दुरुस्तीला टाकतं कोण?

त्या दिवसापासून मात्र रोज दुपारी जेवण झालं की हे मागच्या खोलीत जाऊन बसायला लागले. मी सुरुवातीला दाराशी उभी राहून ऐकलं. (ऐकायचं नव्हतं, पण माझ्या हातात घमेलं होतं आणि ते जड होतं म्हणून मला तिथेच थांबावं लागलं.) एकदा दुकानासमोरच्या रस्त्याचं खोदकाम सांगत होते. एकदा म्हणाले, "तू पहिल्यांदा बस चालवलीस तेव्हा मी मागच्या सीटवर होतो. उतरायच्या जागी उतरलोच नाही, शेवटपर्यंत आलो. तुला सांगायचं राहून गेलं." एकदा नुसतेच हसत होते, काय आठवलं कोण जाणे. दोघं भाऊ हयात असताना इतके बोललेले मी ऐकले नव्हते. भोपळा ऐकून घेत होता आणि वाढत होता.

आणि अडचण तीच होती. तो खुर्चीच्या दोन हातांमध्ये वाढला होता, अजून वाढत होता, आणि आता निघणार कसा? गल्लीत बातमी फुटली. (दूधवाली.) लोक बघायला यायला लागले. माझी टोपली पाहून खिडक्या लावणारे सगळे आले, पलीकडचे शिक्षकही घरी असल्याचं कबूल करून आले. पण गंमत अशी की फाटकातून बडबडत येणारी माणसं त्या दारात आली की हळू आवाजात बोलायची. एक बाई जाताना भोपळ्याला "येते हं" म्हणाली आणि मग माझ्याकडे बघून लाजली.

मग फूटपट्टी आले. तुमच्या कोपऱ्यावरचे सुतार हो, खिशात कायम फूटपट्टी असते म्हणून गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारते ते. त्यांनी खुर्ची मापली, भोपळा मापला, दार मापलं, जाता जाता मलाही मापलं असावं. आणि निकाल दिला: एक तर भोपळा कापा, नाही तर खुर्चीचा हात करवतीने काढा, तिसरा उपाय नाही. तुमच्या दिरांनी दोन्हीला नाही म्हटलं. फूटपट्टींनी समजूत घातली. मी मध्ये पडले. जाऊबाई, माझी काय स्थिती झाली ते तुम्हीच ठरवा. इकडे तुमची खुर्ची, जिच्यात तुम्ही कोणाला बसू देत नाही, तिकडे माझा नवरा, जो कित्येक वर्षांनी कोणाशी तरी बोलायला लागला होता, तोही भोपळ्याशी. मी करवत कोणाच्या बाजूने धरू? मी फूटपट्टींना टोमॅटो देऊन घरी पाठवलं. ते रोज नवी करवत घेऊन परत येत राहिले.

परवा दुपारी ते असेच आले. खुर्चीच्या हातावर थाप मारून सांगत होते, "हे लाकूड बघा. हे जुनं लाकूड. हे माझ्या करवतीशिवाय कशानेही हलणार नाही. यावर हत्ती बसला तरी..."

कट्टाक्!

जाऊबाई, इतका मोठा आवाज झाला की फूटपट्टी माझ्या मागे लपले. खुर्चीचा उजवा हात सांध्यातून निखळून जमिनीवर पडला होता. कोणी हात लावला नव्हता, कोणी ओढलं नव्हतं. भोपळा किंचित कलला, मोकळ्या जागेत सैल झाला, आणि पुन्हा स्थिर झाला. एखाद्या माणसाने पट्टा सैल करून सुस्कारा टाकावा, अगदी तसा. जी गोष्ट वसंतात बोटावर मावेल एवढं बी होती, तिने नुसतं बसून, कोणाशी न भांडता, त्या खुर्चीचा हात बाजूला सारला होता. फूटपट्टींनी पट्टी खिशात घातली.

मग हे हसायला लागले. आधी बारीक, मग पोट धरून. "दादाला ती खुर्ची नेहमीच लहान व्हायची," म्हणाले, "वहिनी ऐकायची नाही." आणि हसता हसता भोपळ्यावर हात ठेवून रडायला लागले. लहान मुलासारखे, आवाज काढून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. फूटपट्टी बिचारे बाहेर जाऊन माझ्या त्या गवताच्या काठ्या नीट करत बसले, दुसरं काय करावं त्यांना सुचेना. किती तरी वेळाने हे उठले, तोंड धुतलं आणि म्हणाले, भूक लागली.

तर असं झालं. खुर्ची मोडली आहे, हे तुम्हाला कळवायला मी एवढं मोठं पत्र लिहिलं. दुरुस्त होईल, फूटपट्टी म्हणतात खूण राहणार नाही. पण मी त्यांना अजून हात लावू दिलेला नाही. खूण ठेवायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. खोलीचं दार आता उघडंच असतं. रागवायचं असेल तर भरपूर रागवा, मी सगळं ऐकून घेईन, फक्त समोर येऊन रागवा.

गुडघ्याला जपा. सूनबाईंना आशीर्वाद. नातवंडांना सांगा की त्यांच्या आजोबांचा कोट आता भोपळ्याचा वेल घालतो.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. भोपळ्याचा देठ वाळायला लागला आहे, म्हणजे आता तोडायला हवा असं सगळे सांगतात. हे म्हणतात वहिनी येईल आणि तोडेल. तेव्हा डॉक्टरांना सांगा की घरी एक जण खोळंबला आहे.

ता. क. पुन्हा. तुम्ही परत आलात की आम्ही लगेच शहरात जाऊ, असं मी जाताना म्हटलं होतं. त्याबद्दल थोडं बोलायचं होतं. म्हणजे असं की, समजा आम्ही नाही गेलो तर? मागची खोली आम्हाला पुरे. मी स्वयंपाकात ढवळाढवळ करणार नाही. (करेन, पण विचारून.) हे तुमच्या सगळ्या घड्याळांना वेळेवर चालायला लावतील, तुम्हाला नको असलं तरी. तुम्ही मोकळेपणाने नाही म्हणा, आम्ही मुळीच वाईट वाटून घेणार नाही.

ता. क. शेवटचा. यांनी मला न विचारता गेल्या आठवड्यात शहरात जाऊन दुकानाची पाटी उतरवून आणली आहे. ती सध्या घेवड्याच्या मांडवाला टेकू म्हणून ठोकली आहे. वेल "घड्याळ" या शब्दावरून वर चढून "दुरुस्ती"पर्यंत पोचला आहे. तुम्ही नाही म्हणालात तर पाटी लगेच काढून घेऊ. मांडव पडेल, एवढंच.